पडद्यावर खटकणारं काही आलं, तर मुलांशी कसं बोलायचं

‘सहकुटुंब पाहण्यासारखा’ म्हणून मिरवणाऱ्या सिनेमात कुणी मरत नाही, कुणी कुणाला बदडत नाही, कुणाच्या रंगावरून किंवा जाडीवरून विनोद होत नाहीत, असं अजिबात नसतं. लहान मुलांसाठी रचलेल्या कितीतरी गोष्टींची सुरुवातच आई किंवा वडील गमावण्यापासून होते. त्यामुळे मुलांच्या नजरेला असं काही पडूच द्यायचं नाही, हा बेत फार दिवस टिकत नाही. त्यावर बोलता यायला हवं.

बोलण्याआधी एक गोष्ट स्वतःपुरती स्पष्ट करून घ्या. मुलाला जे त्रास देतं आणि आपल्याला जे खटकतं, ते बहुतेक वेळा एकच नसतं. पाच वर्षांचं मूल खलनायकाच्या वेड्यावाकड्या दातांना घाबरून रात्रभर चुळबुळत राहतं आणि त्याच सिनेमातल्या ‘जाड्या’वरच्या टोमण्यावर खदाखदा हसतं. आपलं नेमकं उलट होतं. दातांच्या भीतीवर मुलाला धीर हवा असतो. टोमण्याच्या बाबतीत त्याला थोडं विचारात पाडायचं असतं. ही दोन वेगळी बोलणी आहेत. घाबरलेल्या मुलाला आपण तात्पर्य सांगत बसतो आणि हसणाऱ्या मुलाला उगाच जवळ घेतो, तिथे बोलणं फसतं.

बघायला बसण्याआधी

वयाचा शिक्का बघा, पण त्यावर विसंबू नका. अमेरिकेत १९८४ साली ‘पीजी-१३’ (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारा) हा गट आला. भारतात ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या सिनेमांच्या गटाचे, ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन भाग २०२४च्या नियमांनी झाले. युरोपात व्हिडिओ गेमवर ‘पेगी’चे ३, ७, १२, १६ आणि १८ हे आकडे असतात. हे शिक्के प्रामुख्याने मारामारी, शिव्या, नग्नता आणि नशा मोजतात. आईपासून ताटातूट, पाळीव प्राण्याचं मरण, वर्गातल्या मुलाची टिंगल या गोष्टी त्यात बऱ्याचदा सुटतात, आणि लहान मुलांना रडवतात त्या याच. म्हणून शिक्क्याशेजारची कारणांची ओळही वाचा. ‘कॉमन सेन्स मीडिया’वर सिनेमात काय काय आहे ते सविस्तर दिलेलं असतं. ‘डझ द डॉग डाय’ या संकेतस्थळावर तर प्रेक्षकच हो-नाही अशी उत्तरं देतात: कुत्रा मरतो का, आई-वडिलांपैकी कुणी मरतं का, कुणी बुडतं का. सात वर्षांखालच्या मुलाच्या पालकांनी आधी हे दुसरं बघावं.

पूर्ण सिनेमा आधी बघून ठेवायला वेळ कुणाकडे असतो? पहिली पंधरा मिनिटं आणि मग तीन चतुर्थांशाच्या आसपासची पंधरा मिनिटं पळवत बघा. आई-वडील जातात ते बहुधा सुरुवातीला, आणि सगळ्यात भयानक प्रसंग येतो तो शेवटच्या झुंजीच्या तोंडावर.

खोलीची तयारीही महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. एक दिवा चालू ठेवा. आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा, कारण भीती चित्राइतकीच, कधी त्याहून जास्त, आवाजातून येते. रिमोट मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. नाहीतर बोलायला जो क्षण मिळायचा, तो पुढच्या भागाचं शीर्षकगीत खाऊन टाकतं. झोपायच्या आधीच्या तासाभरात नवीन, न पाहिलेलं काही लावू नका.

लहान मुलांना शेवट आधी सांगून टाका. ‘मध्ये तो हरवतो, पण शेवटी घरी येतो.’ मोठ्यांची मजा यात जाते, लहानांची जात नाही. पुढचं ठाऊक असलं की तीच गोष्ट त्यांना निवांत बघता येते.

आणि घरात एक करार असू द्या: कुणीही, कधीही ‘थांब’ म्हटलं की सिनेमा थांबतो. कारण सांगावं लागत नाही. थांबवणाऱ्याला कुणी ‘भित्री भागूबाई’ म्हणत नाही, मोठ्या भावंडांनी तर मुळीच नाही. हा करार पहिल्यांदा मोठ्या माणसाने वापरून दाखवला, तरच मुलं तो वापरतात.

ऐन वेळी

मूल घाबरलं आहे हे ते क्वचितच तोंडाने सांगतं. कान झाकणं, सोफ्याच्या मागे जाणं, एकाएकी शू लागणं, ‘आता काय होणार? आता काय होणार?’ असं पाचव्यांदा विचारणं, नको इतके विनोद करणं, किंवा अगदी दगडासारखं थिजून बसणं, ही लक्षणं ओळखा. थिजलेलं मूल सगळ्यात शहाणं वाटतं, म्हणून तेच नजरेतून सुटतं.

मग असं करा. सिनेमा थांबवा. पडद्याकडे न बघता मुलाकडे बघा. जे दिसतंय ते साध्या शब्दांत बोला: ‘हे जरा भीतिदायक झालं ना.’ नंतर तीन पर्याय द्या: आवाज बंद करून बघू, माझ्या मांडीवर बसून बघू, किंवा आजच्यापुरतं पुरे करू. निवड त्याला करू द्या. हे सगळं अर्ध्या मिनिटात संपलं पाहिजे. भर प्रसंगात पाच मिनिटांचं भाषण दिलं की मुलं पुढच्या वेळी थांबा म्हणायचीच बंद होतात.

दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे मुलाचे डोळे झाकणं. आवाज चालूच राहतो आणि झाकल्या डोळ्यांमागे मूल स्वतःचं चित्र रंगवतं, जे पडद्यावरच्या चित्रापेक्षा हमखास वाईट असतं. झाकायचंच असेल तर आधी आवाज बंद करा. दुसरी चूक म्हणजे सर्वांत भयानक क्षणी टीव्ही फट्‌दिशी बंद करणं. मुलाच्या डोक्यात गोष्ट तिथेच अडकते. राक्षसाचा हात उगारलेलाच राहतो. बंद करायचं ठरलं तर पुढे पळवून एखाद्या शांत जागी आणा, ती मिनिटभर बघा आणि मग बंद करा. ते जमत नसेल तर शेवट तोंडी सांगून पूर्ण करा.

वयानुसार बोलणं बदलतं

साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसण्यावर जातं. जे भेसूर दिसतं ते वाईट, जे गोंडस दिसतं ते चांगलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोअ‍ॅन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात एका लोकप्रिय मालिकेचा अभ्यास केला होता. त्या मालिकेतला साधासुधा नायक संतापला की अवाढव्य हिरवा राक्षस होऊन लोकांना वाचवतो. बालवाडीच्या वयाच्या मुलांना सर्वांत जास्त भीती वाटली ती त्याचं रूप बदलतानाच्या आणि बदलल्यानंतरच्या दृश्यांची. तो लोकांना मदत करतोय, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. थोड्या मोठ्या मुलांना भीती वाटली ती तो नायक संकटात सापडतो तेव्हाची.

म्हणूनच ‘अरे, ते खोटं असतं, सिनेमा आहे’ हे चार-पाच वर्षांच्या मुलावर चालत नाही. ते तुमच्या मागून म्हणतं, ‘हो, खोटं आहे’, आणि रात्री दिवा बंद करू देत नाही. या वयात शब्दांपेक्षा अंग उपयोगी पडतं: जवळ घेणं, घोटभर पाणी, हातात आवडतं खेळणं, दुसऱ्या खोलीत जाऊन दुसराच खेळ. हे मन दुसरीकडे वळवणं म्हणजे पळवाट नव्हे, या वयाचं ते औषधच आहे. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच राक्षसाचं चित्र काढून त्याला विदूषकाची टोपी घालणं, हे समजावण्याच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतं. राक्षसाला हाकलायला पलंगाखाली शोधमोहीम मात्र काढू नका. आपणच शोधतोय म्हटल्यावर तिथे काहीतरी असणार, असा मुलाचा हिशेब होतो.

सात ते अकराच्या मुलांवर स्पष्टीकरण चालतं. रक्त कशाचं बनवतात, उडी मारणाऱ्याच्या अंगाला दोर कसे बांधलेले असतात, संगीत काढून टाकलं तर तोच प्रसंग कसा वाटतो, हे दाखवा. शेवटचा प्रयोग घरीच होतो: भीतिदायक दृश्याची वीस सेकंदं आधी आवाजासह आणि मग आवाज बंद करून दाखवा. मुलांचे डोळे चमकतात. पण याच वयात नवी भीती सुरू होते, ती म्हणजे खरंच घडू शकणाऱ्या गोष्टींची. आग, अपहरण, पूर, घरात शिरलेला चोर. इथे ‘असं कधी होतच नाही’ म्हणू नका, कारण होतं हे त्यांना कळलेलं असतं. ‘असं फार कमी वेळा होतं, आणि झालं तर आपण अमुक करू’ असं म्हणा, आणि ते अमुक खरोखर ठरवा: बाहेर पडायचा दरवाजा कुठला, भेटायचं कुठे, फोन कुणाला करायचा. हातात काही करण्यासारखं मिळालं की भीती आटोक्यात येते.

बारा-तेरानंतर भीती कमी, प्रश्न जास्त. या मुलांशी समोरासमोर बसून ‘चल, आपण बोलू या’ म्हटलं की संपलं. गाडीत, चालताना, भांडी आवरताना, नजरानजर टाळता येईल अशा जागी बोला.

संपल्यावर: आधी विचारा

पहिला प्रश्न नेहमी उघडा ठेवा. ‘भीती वाटली का?’ याला ‘नाही’ एवढंच उत्तर मिळतं. ‘तुला कुठला भाग आठवतोय?’ याला खरं उत्तर मिळतं, आणि ते बहुधा आपल्या अंदाजाबाहेरचं असतं. समजा सिनेमात हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते. पाच वर्षांची मुलगी म्हणते, ‘त्याला थंडी वाजत होती.’ इथे मरणावर बोलायला धावू नका. ‘हो, बर्फ होतं ना. मग काय झालं त्याचं?’ एवढंच म्हणा. दोन-तीन वाक्यांत ती स्वतःच पोहोचते: ‘त्याला दूध कोण देणार? तू मेलीस तर मला कोण देईल?’

आता तिचा प्रश्न मरणाबद्दलचा नाही, काळजी कोण घेणार याबद्दलचा आहे. उत्तरही तेवढंच द्या. ‘मी खूप वर्षं जगेन असं मला वाटतं. आणि मला काही झालं तर बाबा आहेत, आजी आहे, मावशी आहे. तुला एकटं कुणी सोडणार नाही.’ माणसांची नावं घ्या. ‘मी कधीच मरणार नाही’ असं वचन देऊ नका. ते खोटं आहे हे काही वर्षांत तिला कळणारच.

मेलेल्याला ‘झोपला’ किंवा ‘लांब गेला’ म्हणू नका. मेलेलं परत येत नाही आणि मरण सगळ्यांना असतं, हे मुलांना साधारण पाच ते सात या वयात हळूहळू उमगतं. त्याआधी ती शब्द अक्षरशः घेतात. झोपला म्हटलं की झोपायला घाबरतात, लांब गेला म्हटलं की ऑफिसला निघालेल्या बाबांना बिलगून बसतात. ‘त्याचं शरीर काम करायचं थांबलं. आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही.’ ऐकायला कोरडं वाटतं, पण मूल यावर निश्चिंत होतं. तोच प्रश्न पुढच्या आठवडाभर पुन्हा पुन्हा आला तर वैतागू नका. उत्तर तेच, त्याच शब्दांत द्या.

मूल हसतंय आणि आपल्याला खटकतंय

भीतीपेक्षा हे कठीण, कारण इथे तक्रार घेऊन कुणी येत नाही. जाड मुलगा फक्त खाण्यासाठी आणि पडण्यासाठी असतो. खलनायकाच्या चेहऱ्यावर व्रण असतो. तोतऱ्या माणसाच्या बोलण्यावर सगळे हसतात. नायिका तीनदा नाही म्हणते आणि नायक चौथ्यांदा गाणं म्हणत मागे लागतो, मग ती लाजते. आपण शेजारी बसून गप्प बघत राहिलो तर मुलं त्याचा अर्थ ‘आई-बाबांना हे चालतं’ असा लावतात. सोबत बघणं चांगलं, पण नुसतं सोबत बसणं पुरत नाही.

‘शेवटी वाईटाला शिक्षा होतेच की’ यावरही भिस्त ठेवू नका. स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली, तीन ते सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांसमोर, हवा भरलेल्या बाहुलीला मोठी माणसं बडवताना दाखवली. मुलांनी तसंच केलं. १९६५च्या प्रयोगात चित्रफितीतल्या माणसाला शेवटी शिक्षा होताना दाखवल्यावर नक्कल कमी झाली. पण ‘त्याने काय केलं ते करून दाखव, बक्षीस देतो’ म्हटल्यावर त्या मुलांनाही सगळं येत होतं. शिक्षेमुळे शिकलेलं पुसलं जात नाही, फक्त लपतं.

आपल्याला खटकलंय हे मुलाला कळावं, यासाठी एक छोटी पद्धत आहे. विनोदाच्या वेळी सिनेमा थांबवायचा नाही, तोंडातून ‘हम्म, मला नाही हसू आलं’ एवढंच काढायचं. मूल वळून बघतं. संपल्यावर एक प्रश्न विचारायचा. मग स्वतःचं मत एका वाक्यात सांगायचं आणि विषय सोडायचा. एका सिनेमामागे एकच मुद्दा. पाच मुद्दे काढले की मुलांना सिनेमा तुमच्यासोबत बघायचाच नसतो, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

प्रश्न साधे असावेत:

- तो मुलगा जाड नसता तर या गोष्टीत त्याला काय काम मिळालं असतं?
- या सिनेमात चेहऱ्यावर व्रण असलेलं एखादं चांगलं माणूस होतं का?
- ती नाही म्हणाली तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल? तिच्या जागी तू असतीस तर?
- हा विनोद आपल्या वर्गातल्या कुणासमोर केला असता का? का नाही?

व्रणाचा प्रश्न नुसता घरातला नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ साली जाहीर केलं होतं की, खलनायक ओळखू यावा म्हणून चेहऱ्यावर व्रण दाखवणाऱ्या सिनेमांना आपण निधी देणार नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हे सांगितलं की ती पुढच्या सिनेमांत व्रण मोजायला लागतात. हा खेळ तात्पर्यापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे.

जुने, आपल्या लहानपणीचे सिनेमे दाखवताना जास्त सावध राहा. आठवणीत फक्त गाणी उरलेली असतात. डिस्नेने २०२० साली आपल्या ऑनलाइन सेवेवर काही जुन्या ॲनिमेशनपटांआधीची सूचना अधिक स्पष्ट केली. इथली काही चित्रणं तेव्हाही चुकीची होती आणि आताही आहेत, असा तिचा त्या वेळी आशय होता. ही ‘तेव्हाही’ची भाषा उचलण्यासारखी आहे. ‘त्या काळी चालायचं’ हे अर्धवट उत्तर झालं. कुणाला चालायचं, ज्यांची टिंगल होत होती त्यांना का, हे आठ वर्षांचं मूलही विचारतं. आणि ‘मला लहानपणी हे खूप आवडायचं, आता हा भाग बोचतो’ असं मोकळेपणाने म्हणता येतं. आवडणं आणि खटकणं एकाच वेळी असू शकतं, हे मुलांना त्यातून कळतं. आवडता सिनेमा हिरावून घेण्याची गरज पडत नाही.

चुंबन, शय्यादृश्य आणि रिमोटची धावपळ

रिमोटसाठी झडप घातली की त्या दहा सेकंदांना दहा पट महत्त्व येतं. शांतपणे पुढे पळवा आणि म्हणा, ‘हे मोठ्यांसाठीचं आहे.’ सहा-सात वर्षांचं मूल विचारेल, ‘ते काय करत होते?’ उत्तर: ‘मोठी माणसं एकमेकांवर प्रेम करतात तेव्हा अशी जवळ येतात.’ त्याहून जास्त हवं असेल तर ते विचारेल. दहाच्या पुढच्या मुलाशी त्या दृश्यात दोघांची मर्जी होती का, यावर बोला. पडद्यावर ‘चालेल का?’ असं विचारून कुणी सहसा जवळ येत नाही. खऱ्या आयुष्यात विचारावं लागतं, हे आपण सांगितलं नाही तर मुलं पडद्यावरूनच शिकतात.

फोनवर चुकून दिसलेलं

लहानांच्या व्हिडिओत काय घुसतं, हे २०१७ साली जगभर गाजलं. ओळखीची कार्टून पात्रं वापरून बनवलेल्या विकृत चित्रफिती यूट्यूबवर लहान मुलांपर्यंत पोहोचत होत्या. व्हिडिओच्या यादीतल्या छोट्या चित्रातून (थंबनेल) काही कळत नव्हतं. म्हणून मूल फोनवर एकटं असताना हेडफोन नको. आवाज कानावर पडत राहिला की निम्मं लक्ष राहतं.

मूल येऊन सांगतं, ‘मी काहीतरी घाणेरडं बघितलं.’ पहिलं वाक्य ठरवून ठेवा: ‘बरं झालं सांगितलंस.’ दुसरं: ‘तुझी चूक नाही.’ फोन लगेच काढून घेऊ नका. सांगितलं की फोन जातो, हा धडा एकदा मिळाला की पुढचं काही तुमच्यापर्यंत येणार नाही. आधी ऐका, मग दोघांनी मिळून तो व्हिडिओ रिपोर्ट करा, शोधांचा इतिहास पुसा आणि वयाचं सेटिंग तपासा. पुन्हा बघून खात्री करायची असेल तर ती मुलासमोर नको.

किशोरवयीन मुलं आणि आत्महत्येचे प्रसंग

मालिकेत आत्महत्या दाखवली असेल आणि मुलाने ती एकट्याने पाहिली असेल, तर विषय टाळू नका. विचारल्याने डोक्यात विचार भरतो ही समजूत चुकीची आहे. थेट विचारा: ‘तुझ्या मनात कधी असं आलंय का?’ आवाज चढवू नका आणि उत्तराआधी धीर देऊ नका. ‘नाही’ आलं तर पुढचा प्रश्न: ‘त्या मुलीने कुणाला सांगायला हवं होतं? तू कुणाला सांगशील?’ मालिकांमध्ये मदत मागण्याचा मार्ग बहुधा दाखवतच नाहीत, तो इथे भरून काढायचा. ‘हो’ आलं, किंवा उत्तर टाळलं जातंय असं वाटलं, तर मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक किंवा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइन गाठा.

भीती जात नसेल तर

एक-दोन रात्री वाईट स्वप्नं, आठवडाभर दिवा चालू, हे सामान्य आहे. या काळात मुलाला तोच सिनेमा ‘बघ, काही नाही त्यात’ म्हणून पुन्हा दाखवू नका. त्याला स्वतःहून बघावासा वाटला तर दिवसा, आवाज कमी करून, पंधरा-वीस सेकंदांपासून सुरुवात करा, आणि थांबवायचं बटण त्याच्या हातात द्या.

महिन्याभरानंतरही झोप लागत नसेल, शाळेत जायला नकार असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, किंवा खेळात तोच प्रसंग न बदलता पुन्हा पुन्हा येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या समुपदेशकांना भेटा. त्रास फार असेल तर महिनाही थांबू नका. जाताना सिनेमाचं नाव, नेमका प्रसंग आणि मुलाने वापरलेले शब्द लिहून न्या. प्रसंग किरकोळ असूनही भीती एवढी मोठी का, याचं कारण कधीकधी सिनेमात नसतंच. ते शाळेत, शेजारी किंवा घरातच असतं, आणि तज्ज्ञ आधी तेच विचारतील.